दादाच्या तोंडी उरलेली नावं

दादाला झटका आला तेव्हा तो एका जीपखाली आडवा होऊन काम करत होता. सकाळची वेळ होती. जीपवाला बाहेर स्टुलावर बसून चहा पीत होता आणि गाडीखालून पान्याचा आवाज येत होता. तो आवाज थांबला हे त्याच्या लगेच लक्षात आलं नाही. दादा एखादा नट शोधत असेल असं त्याला वाटलं. मग त्यानं हाक मारली, उत्तर आलं नाही, म्हणून वाकून बघितलं. दादा डोळे उघडे ठेवून जीपच्या पोटाकडे बघत होता. पाना छातीवर पडला होता आणि तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती.

मी शहापूरला एका शाळेच्या ऑफिसात लिपिक आहे, राहते वाशिंदला. वयनीचा फोन आला तेव्हा मी कामात होते.

"बाय, हे काय बोलत नाय," ती म्हणाली.

मला वाटलं, दोघांचं भांडण झालंय. तसं ते अधूनमधून व्हायचं आणि मग दादा दोनदोन दिवस अबोला धरून बसायचा. मी म्हटलं, "बोलेल गो. सोड त्याला."

"नाय गो बाय. बोलायला बघतात, पन येत नाय त्यांना."

मुरबाडहून त्याला कल्याणला हलवलं होतं. मी पोचले तोवर तपासण्या झालेल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गाठ अडकली, उजवा हात आणि पाय लुळा पडलाय, जिवाचा धोका टळलाय. "आणि बोलणं?" मी विचारलं. ते म्हणाले, "ते हळूहळू कळेल." मी कॉटपाशी गेले. दादानं मला ओळखलं. ते डोळ्यांत दिसलं. त्यानं तोंड उघडलं, मान पुढे केली, गळ्याच्या शिरा ताणल्या आणि काहीच बाहेर आलं नाही. मग तो माझ्याकडे असा बघत राहिला, की आता तूच काहीतरी कर. मला काय करता येणार होतं? मी त्याच्या पायावरची चादर सारखी केली.

आमचा दादा बोलका माणूस. तरुणपणी तो आखातात गेला आणि बरीच वर्षं तिथल्या एका गॅरेजात राहिला. त्या गॅरेजचा मालक जुन्या अमेरिकन गाड्यांचा वेडा होता. लांबलचक बॉनेटच्या, घरघरणाऱ्या, ताकदीच्या गाड्या. तो त्या कुठून कुठून मागवायचा, आणि दादा आणि एक केरळी म्हातारा मेकॅनिक मिळून त्या खोलायचे, गंज काढायचे, पुन्हा चालत्या करायचे. त्या म्हाताऱ्याला एक नाद होता. गाडीला हात लावण्याआधी तो तिच्या नावाचा अर्थ सांगायचा. दादानं तो नाद उचलला.

सुट्टीवर घरी आला की जेवताना हेच चालायचं. "मस्टँग म्हंजे काय, सांग बाय." मला कुठलं माहीत. "मोकाट घोडा. ज्याचा कोन धनी नाय असा. आपल्याकडं असता तर कोंडवाड्यात घातला असता." मग जरा थांबून म्हणायचा, "काही लोक म्हंतात की घोडा नाय, लढाईतल्या विमानाचं नाव होतं ते. त्यांच्यातच एकमत नाय." इम्पाला म्हणजे आफ्रिकेतलं हरीण. चार्जर म्हणजे लढाईत अंगावर धावून जाणारा घोडा. बाराकुडा हा समुद्रातला मासा, दातांचा. कटलास म्हणजे आखूड तलवार. "आपला कोयताच म्हन," तो म्हणायचा. कमारो म्हणजे दोस्त, कुठल्याशा जुन्या फ्रेंच शब्दावरून. आणि शेव्हेल म्हणजे?

"शेव्हेलला अर्थ नाय. असाच जुळवलेला शब्द. ऐकायला बरा वाटतो म्हनून ठेवला."

आईला हे पटायचं नाही. नाव ठेवायचं आणि त्याला अर्थ नाही, हे कसं चालेल, असं ती विचारायची. दादा हसायचा.

कायमचा परत आल्यावर त्यानं मुरबाडला, शहापूरच्या रस्त्याला, पत्र्याचं गॅरेज टाकलं. कल्याणला जाणाऱ्या जीपा त्याच्याकडे यायला लागल्या. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे माणसं एसटीवर नाहीतर जीपवर अवलंबून, आणि जीपा दादावर. कुणी नवी-जुनी जीप घेतली की आधी त्याच्याकडे आणायचा. दादा इंजिन ऐकायचा, चारी बाजूंनी फिरायचा आणि मग नाव द्यायचा. मागच्या काचेवर रेडियममध्ये नाव लागायचं. त्यामुळे आमच्या भागात अजूनही इम्पाला नावाची जीप आहे, तिच्यात भाजीच्या पाट्या असतात. मस्टँग आहे, ती घाटात तापते. एकाला त्यानं कटलास दिलं. त्यानं अर्थ विचारला आणि ऐकून म्हणाला, "कोयता कशाला रे बाबा, पोलीस धरतील." मग त्याला बाराकुडा दिलं.

तर असा माणूस कॉटवर पडून तोंड उघडत होता आणि मिटत होता.

पहिला शब्द दवाखान्यातच फुटला. वयनी त्याला चमच्यानं पेज भरवत होती. अचानक तो स्वच्छ म्हणाला, "चार्जर."

वयनीच्या हातातला चमचा थांबला. तिनं पुतणीला हाक मारली, पुतणी पळत आली. पुतणी म्हणजे चुलतभावाची मुलगी, दादाकडेच राहायची; वाशिंदच्या कारखान्यात कामाला आहे, हुशार पोरगी. तिनं पर्समधून मोबाइलचा चार्जर काढून त्याच्या हातात दिला. दादानं तो बघितला. मग डाव्या हातानं बाजूला सारला आणि पुन्हा म्हणाला, "चार्जर." या वेळी आवाज चढला होता. वयनीनं त्याचा फोन आणून दिला. त्यानं तोही सारला. "चार्जर, चार्जर," आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेजारच्या कॉटवरच्या बाईनं आपला चार्जर पुढे केला. त्या बिचारीचाही काय दोष.

मला बाहेरून आल्यावर हे कळलं तेव्हा मी म्हटलं, "अगो, गाडीचं नाव घेतोय तो. चार्जर म्हणजे लढाईतला घोडा. त्याला उठायचंय, जायचंय घरी." हे मी इतक्या खात्रीनं बोलले की वयनीनं मान हलवली. मी दादाला विचारलं, "घरी जायचं ना?" तो म्हणाला, "चार्जर." मला वाटलं, बघा, हो म्हणतोय.

घरी आणल्यावर आणखी नावं आली. पण नावंच आली. मस्टँग, इम्पाला, कमारो. दुसरा एकही शब्द नाही. पाणी नाही, हाय नाही, आईगं नाही. ज्या बायकोबरोबर एवढा संसार केला, तिला हाक मारायला त्याच्याकडे शब्द नव्हता.

आम्ही तिघी बायका अर्थ लावायला बसलो. दुसरं काय करणार होतो? वयनीला वाटलं की इम्पाला म्हणजे पाणी. दोन-तीनदा तो इम्पाला म्हणाला, तिनं पाण्याचा पेला दिला आणि तो घटाघटा प्यायला. तिला केवढा आनंद झाला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आता समजतं मला. पानी पायजेल तर इम्पाला म्हंतात." पुतणी म्हणाली, हरणं पाण्यावर येतात, तसं असेल त्यांच्या डोक्यात. मलाही ते पटलं. मग एका दुपारी तो इम्पाला म्हणाला, वयनीनं पेला पुढे केला आणि त्यानं तो भिंतीवर भिरकावला. "इम्पाला," तो ओरडला. "पानीच हाय ना हे," वयनी म्हणाली. तो आणखी ओरडला. पाठीखाली उशी सरकली होती आणि ती टोचत होती, हे आम्हाला नंतर दिसलं.

माझंही तेच झालं. एका रविवारी मी त्याच्या उजव्या हाताला तेल लावत होते. बोटं एकेक करून सरळ करत होते, कारण ती आत वळायला लागली होती. तो माझ्याकडे टक लावून बघत होता आणि हळू म्हणाला, "कमारो."

कमारो म्हणजे दोस्त. मला भरून आलं. लहानपणापासून त्यानं मला बाय म्हटलं होतं, ओरडला होता, माझ्या लग्नात माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन दम दिला होता, पण असं काही कधी म्हटलं नव्हतं. मी वाशिंदला परत येईपर्यंत तो शब्द मनात घोळवत होते. नवऱ्याला सांगितला. पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा दारात शेळी आली होती, ती तांदूळ खायला बघत होती. दादा खाटेवरून तिच्याकडे हात करून चिडून म्हणत होता, "कमारो! कमारो!"

मी हसले. वयनीही हसली. मग मी मागच्या दारी जाऊन तोंड धुतलं.

कल्याणला वाचा शिकवणारी एक बाई होती. तिच्याकडे त्याला न्यायला लागलो. जायला बाराकुडावाला यायचा, कारण बाकीच्या जीपांपेक्षा तिची पुढची सीट बुटकी होती. दादाला दोघांनी उचलून बसवायचं, मध्ये उशी लावायची, पट्टा बांधायचा. ज्या रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला तो शिव्या द्यायचा, त्या रस्त्यानं तो गप्प जायचा.

ती बाई तरुण होती आणि सावकाश बोलायची. तिनं दादापुढे चित्रं ठेवली. कप, चावी, मासा. दादा प्रत्येक चित्राकडे बघून तोंड हलवायचा. चावीच्या चित्राला तो "मस्टँग" म्हणाला, आणि मी पुढे होऊन सांगायला लागले की ती गाडी आहे, गाडीला चावी लागते, म्हणजे त्याला बरोबर कळलं, आणि शिवाय मस्टँगचा खरा अर्थ मोकाट घोडा असा आहे. तिनं मला पूर्ण बोलू दिलं.

मग ती म्हणाली, "ताई, एक सांगू का? यांना समजतं बरंच. म्हणायचंय तेही डोक्यात आहे. पण ते शब्दापर्यंत पोचत नाही. काही शब्द पूर्वी खूप वेळा बोलून तोंडात बसलेले असतात, ते आपोआप बाहेर पडतात. यांना पाणी म्हणायचं असतं आणि बाहेर इम्पाला येतं. यांना कळतंही की चुकलं. म्हणून चिडतात."

"म्हणजे त्या नावांना काही अर्थ नाही?" मी विचारलं.

"गाडीला असेल. यांच्या बोलण्यात तो शोधू नका. त्यांनाही त्रास होईल, तुम्हालाही."

वयनी खाली मान घालून ऐकत होती. येताना जीपमध्ये ती म्हणाली, "मग आमी काय आयकायचं?" मी तिचा हात दाबला. पुढच्या सीटवर दादा होता आणि त्याला सगळं समजत होतं, हे मला आता कळलेलं होतं.

घरी मी बाईच्या सांगण्याप्रमाणे वागायचा प्रयत्न केला. तो काही म्हणाला की मी शब्दाकडे न बघता बोटाकडे, डोळ्यांकडे बघायची. हे हवं का, ते हवं का, असं एकेक विचारायची. तो दमायचा. दहा गोष्टी विचारल्यावर अकरावी बरोबर निघायची, आणि तोवर त्याला ती नकोशी झालेली असायची. डाव्या हातात पेन्सिल दिली, ती त्यानं धरली आणि नुसत्या रेघा ओढल्या.

पौर्णिमेला विहारात वंदना होती. वयनी म्हणाली, घेऊन जाऊ, माणसांत बरं वाटेल. चाकाच्या खुर्चीवरून नेलं. गावातले सगळे भेटायला आले. कुणी त्याच्याशी मोठ्या आवाजात बोललं, जसा काही तो बहिराच होता. वंदना सुरू झाली आणि पहिल्याच ओळीला माझ्या शेजारून दादाचा आवाज आला. स्वच्छ, पूर्वीचा. त्यानं त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं, एक शब्द चुकला नाही, कुठे अडखळला नाही. लोक मागे वळून बघायला लागले. वयनीनं तोंडावर पदर धरला. पुतणी माझा दंड घट्ट पकडून उभी होती. म्हणून झालं, सगळे बसले, आणि वयनी त्याच्यापुढे गुडघ्यावर बसून म्हणाली, "आता बोला. माझ्याशी बोला काय तरी."

दादानं तोंड उघडलं. आम्ही सगळे वाट बघत होतो.

"चार्जर," तो म्हणाला आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

कल्याणच्या बाईनं नंतर समजावलं की पाठ असलेलं निघतं, ठरवून बोलायचं निघत नाही. तिचं म्हणणं खरं होतं. पण ज्यानं विहारात तो आवाज ऐकला, त्याला ते सांगून काय उपयोग?

पावसाळा सरता सरता एक तरुण जीपवाला घरी आला. त्यानं नवी गाडी घेतली होती. गॅरेज बंद होतं, शटरला कुलूप होतं, हे त्याला माहीत होतं. तरी तो गाडी अंगणात घेऊन आला. मी तेव्हा तिथेच होते.

"काकांकडनं नाव पायजेल," तो म्हणाला.

मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "अरे, ते बोलतात ते त्यांच्या मनातलं नसतं. काहीही येतं तोंडात."

"येऊ दे की," तो म्हणाला.

आम्ही दादाला ओट्यावर आणलं. त्यानं गाडीकडे बघितलं. पोरानं बॉनेट उघडून इंजिन चालू केलं. दादानं मान तिरकी केली, पूर्वी करायचा तशी, आणि ऐकत राहिला. डाव्या हातानं खूण केली की अजून रेस दे. पोरानं दिली. मग दादानं हात खाली केला, म्हणजे बंद कर. पोरगा ओट्याच्या पायरीशी उभा होता.

"शेव्हेल," दादा म्हणाला.

हे नाव तो आजारपणात पहिल्यांदाच म्हणाला होता. पोरानं मला विचारलं, "याचा काय अर्थ, आत्या?"

"याला अर्थ नाही," मी सांगितलं. "दादाच सांगायचा. नुसता जुळवलेला शब्द आहे."

पोरानं दादाकडे बघितलं, मग गाडीकडे. "चालेल," तो म्हणाला. "त्यांनी दिलाय." जाताना तो दादाच्या पाया पडला. दादा हुं हुं करत होता. त्याला हेच नाव द्यायचं होतं, की दुसरं काही म्हणायचं होतं आणि तोंडातून हे निघालं, ते मला कळलं नाही. विचारूनही कळलं नसतं.

कल्याणच्या फेऱ्या चालू होत्या. दादा वाळत चालला होता. प्रत्येक फेरीनंतर दोन दिवस झोपून राहायचा. बाई म्हणायची, धीर धरा, येईल. एका सकाळी बाराकुडावाला दारात आला, त्यानं आणि मी दादाला दोन्ही बाजूंनी धरलं, जीपच्या दारापर्यंत नेलं. पाय उचलून आत ठेवायचा तर दादानं डाव्या हातानं दाराची कड पकडली.

"नाय," तो म्हणाला.

मला वाटलं, मी चुकून ऐकलं. जीपवाला माझ्याकडे बघायला लागला.

"नाय," दादा पुन्हा म्हणाला. कड सोडेना.

वयनी घरातून धावत आली. "काय म्हनले? नाय म्हनले?" तिच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. "नाय म्हनले ते. जायचं नाय त्यांना. उतरवा खाली."

"वयनी, थांब जरा," मी म्हटलं. "हा शब्द आला म्हणजे उपचार लागू पडतोय. आजच तर न्यायला पाहिजे. आणि बाई म्हणाली होती ना, शब्द आपोआप येतात. नाय हाही तसाच आला असेल."

"इम्पाला म्हनले तर तुमी म्हनलात अर्थ नाय. घोडा म्हनले तर अर्थ नाय. आता नाय म्हंतात तरी अर्थ नाय?" वयनी म्हणाली. "मग त्यांनी करायचं तरी काय, बाय?"

आम्ही तिघं दादाला धरून उभे होतो. त्याचा हात दारावर तसाच होता, बोटं पांढरी पडली होती. मी त्याला विचारलं, "दादा, जायचं नाही? खरंच नाही?" तो माझ्याकडे बघत राहिला. एकदा हो किंवा नाही कळलं असतं तर मी काहीही केलं असतं.

"नाय," तो म्हणाला. आता माझ्या 'खरंच नाही' ला तो 'नाय' म्हणत होता, म्हणजे त्याचं हो होतं की नाही होतं? मी जीपवाल्याला खूण केली आणि आम्ही दादाला घरात परत आणलं.

त्यानंतर कल्याणला गेलो नाही. मी बाईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, घरी चित्रं दाखवत राहा, मन बदललं तर या. चित्रं वयनी दाखवते. गाड्यांची नावं कमी कमी होत गेली, आता बहुतेक बंदच झाली. नाय मात्र राहिलं. भात वाढू का, नाय, आणि जेवतो. झोपायचं का, नाय, आणि झोपतो. वयनी आता शब्द ऐकतच नाही, कामं करत राहते आणि त्याच्याशी सारखी बोलत राहते. गावातल्या गोष्टी सांगते. पुतणीला वाशिंदला खोली मिळाली, ती आठवड्यानं येते.

गेल्या रविवारी वयनी लग्नाला गेली होती म्हणून मी दिवसभर त्याच्यापाशी थांबले. बोटं आता फारशी सरळ होत नाहीत, तरी तेल लावते. संध्याकाळी ती आली, मी पिशवी उचलली. मुरबाडहून शहापूरला जाणारी एसटी गाठायची होती.

"दादा, जाऊ मी?"

"नाय," तो म्हणाला.

वयनी आतून म्हणाली, "जा गो बाय, ते तसंच म्हंतात. नायतर गाडी जायची तुजी."

मी दारात उभी राहिले. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, अंगणाकडे बघत होता. मी थोडा वेळ थांबून पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मग मी पिशवी खाली ठेवली, नवऱ्याला फोन केला की उद्या सकाळी येते, आणि वयनीबरोबर भाकऱ्या करायला बसले.